फुलपाखरांची पेटी

फाल्गुन अर्धा सरला की नाशिकची हवा एकाएकी पालटते. पहाटे हवेहवेसे वाटणारे पांघरूण सकाळी आठ वाजता नकोसे होते. गंगेचे पाणी उतरू लागते. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. काठच्या काळ्या खडकांमधून ओल्या वाळूचे पट्टे उघडे पडतात. मळ्यांतून द्राक्षांची तोड चाललेली असते आणि गावाबाहेरच्या माळांवर एखादा पळस आपला सगळा रंग उधळून उभा असतो. हे दिवस आले की मला माझी साबणाची जुनी लाकडी पेटी आठवते. ती पेटी आता नाही. तिच्यातली फुलपाखरे तर त्याच वर्षी गेली. तरीही तिची आठवण काही जात नाही.

गोष्ट १९६४ सालची आहे. मी त्या वेळी सातवीत होतो आणि आमचे बिऱ्हाड पंचवटीत होते. आम्हांला शास्त्र शिकवणारे गुरुजी मोठे हौशी होते. रविवारी सकाळी ते आम्हां चारपाच मुलांना घेऊन गंगेच्या काठाकाठाने वर, आनंदवल्लीच्या पुढे सोमेश्वराकडे जात. दशम्या फडक्यात बांधलेल्या असत. गुरुजींच्या खांद्याला एक खाकी पिशवी असे आणि तिच्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५७ साली प्रसिद्ध केलेले ते पुस्तक विंटर-ब्लाइथ नावाच्या गृहस्थांनी लिहिले होते. हे विंटर-ब्लाइथ स्वतःही शिक्षकच होते, हे गुरुजी आम्हांला अधूनमधून सांगत. ते सांगताना त्यांचा स्वर किंचित अभिमानाचा होई.

पहिल्याच रविवारी जे दृश्य मी पाहिले ते अजून डोळ्यांपुढे आहे. नदीकाठच्या ओल्या वाळूवर पिवळ्या पाकळ्या पसरल्यासारख्या दिसत होत्या. मी धावत पुढे गेलो, तोच त्या साऱ्या पाकळ्या एकदम उडाल्या! शंभर-दीडशे तरी फुलपाखरे असतील. ती आमच्या डोक्याभोवती भिरभिरली आणि आम्ही थोडे मागे सरताच पुन्हा त्याच जागी उतरली. प्रत्येकाने आपली सोंड सोडून ती वाळूत खुपसली होती.

"एवढी नदी शेजारी असताना ही चिखल का पितात?" मी विचारले.

"त्यांना नुसते पाणी नको आहे, चिखलातले क्षार हवे आहेत," गुरुजी म्हणाले. "फुलांच्या मधात साखर असते, पण मीठ नसते. आणि ही बहुतेक सगळी नरांची पंगत आहे, बरे का. माद्या इकडे क्वचितच फिरकतात."

त्यानंतर आम्ही गुडघे टेकून, श्वास रोखून बसलो. बऱ्याच वेळाने एक फुलपाखरू माझ्या घामेजल्या मनगटावर येऊन बसले आणि त्याने आपल्या बारीक सोंडेने माझा घाम चाखला. असा पाहुणचार माझ्या हातून पूर्वी कधी घडला नव्हता.

पण मुलाच्या मनाला नुसत्या पाहण्याने समाधान होत नाही. जे सुंदर दिसेल ते आपल्या मुठीत असावे असे त्याला वाटते. मी आजीच्या जुन्या मच्छरदाणीचा तुकडा मागून घेतला, तारेचे कडे वाकवून त्याला तो शिवला आणि वेळूच्या काठीला ते कडे घट्ट बांधले. झाले जाळे तयार! साबणाच्या पेटीच्या तळाशी भेंडाचे तुकडे बसवले, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि आईच्या शिवणाच्या डब्यातून टाचण्या मिळवल्या.

गुरुजींनी संग्रहाला परवानगी दिली, परंतु दोन अटी घातल्या. एका जातीचे एकच फुलपाखरू घ्यायचे आणि प्रत्येकाखाली ते कोठे, कोणत्या दिवशी व कोणत्या झाडाजवळ सापडले ह्याची चिठ्ठी लावायची. "ज्याखाली चिठ्ठी नाही," ते म्हणाले, "तो नमुना नव्हे, तो केवळ मेलेला किडा."

पहिले दोन आठवडे मी ह्या अटी पाळल्या. लिंबाच्या झाडाभोवती घिरट्या घालणारे काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू मिळवण्यासाठी मी किती धावलो असेन! ते क्षणभरही स्वस्थ बसत नसे. फुलावर बसले तरी त्याचे पंख थरथरतच असत. तीन दिवसांच्या पाठलागात माझे दोन्ही गुडघे फुटले. ह्याच्या उलट एक फुलपाखरू होते भगव्या रंगाचे. पंखांच्या कडा काळ्या, पुढच्या पंखांच्या टोकाशी काळ्या भागात पांढरा पट्टा. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात. आम्ही मुले त्याला 'भगवा' म्हणत असू. हा भगवा माळावर, रस्त्याच्या कडेला, घाणेरीच्या फुलांवर कोठेही दिसे आणि तो उडे तोही कसा? एखाद्या श्रीमंत माणसाने जेवणानंतर शतपावली घालावी तसा, सावकाश! जाळे अंगावर आले तरी त्याला घाई म्हणून नाही.

आमच्या शाळेत गुढीपाडव्याच्या आधी मुलांच्या हस्तकलेचे एक छोटे प्रदर्शन भरणार होते. माझ्या डोक्यात एक कल्पना आली. बारा भगवे घ्यावेत, पेटीत त्यांचे वर्तुळ करावे आणि मध्यभागी लिंबावरचे ते काळे-पिवळे बसवावे. पाहणाऱ्यांचे डोळे दिपतील! एका जातीचे एकच, ही अट मी सोयीस्करपणे विसरलो. शुक्रवारी शाळा लवकर सुटली. घराजवळच्या पडीक जागेत रुईची बरीच झुडपे होती. तेथे तासाभरात मी बारा फुलपाखरे पकडली. चिमटीत छाती दाबली की फुलपाखरू मरते, असे मला एका मोठ्या मुलाने शिकवले होते. मी तसे केले. बाराही जणांनी पंख मिटले, पाय आखडून घेतले आणि ती निपचित पडली. मी त्यांना टाचण्या लावल्या, पेटीचे झाकण लावले आणि मोठ्या समाधानाने झोपलो.

रात्री केव्हातरी मला जाग आली. खोलीत कसलासा आवाज येत होता. वाळलेले पान जमिनीवर सरपटावे तसा, अगदी हलका, पण न थांबणारा. उंदीर असेल म्हणून मी कूस बदलली. आवाज येतच राहिला. मग माझ्या ध्यानात आले की, तो पेटीतून येत आहे. मी अण्णांना उठवले. त्यांनी कंदिलाची वात मोठी केली आणि मी झाकण उघडले.

बारांपैकी चार फुलपाखरे जिवंत होती. टाचणीवर ती पंख उघडत होती, मिटत होती, पाय हलवत होती. पंखांवरची भगवी धूळ भेंडावर सांडली होती.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी कंदील जवळ धरला. मी थरथरत्या हातांनी एकेक टाचणी काढली आणि त्या चौघांना खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. उरलेली रात्र मी तेथेच बसून काढली. दोन पहाटेपर्यंत गेली. एक सकाळी गेले. चौथे मात्र उन्हात पंख पसरून दुपारपर्यंत बसले होते. त्याला उडता येत नव्हते.

ती सकाळ शनिवारची होती. सकाळची शाळा सुटल्यावर मी पेटी आणि ते जिवंत फुलपाखरू घेऊन गुरुजींच्या घरी गेलो. मला वाटले होते, गुरुजी रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी सारे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तू ज्याला मेला समजलास, त्याने मेल्याचे सोंग घेतले होते. पक्ष्याने चोचीत धरले तरी तो असेच करतो. ह्याचे अंग चामड्यासारखे चिवट असते. पक्षी एकदा चावतो, घाण चव लागली की टाकून देतो आणि हा पुन्हा उठून उडतो."

"घाण चव? ती कशाने?"

"रुईच्या चिकाने. ह्याची अळी रुईवर वाढते. त्या चिकात हृदयावर परिणाम करणारे विष असते. ते विष अळी आपल्या अंगात साठवते आणि तेच पुढे फुलपाखरात उतरते. ज्या पक्ष्याने एकदा ह्याची चव घेतली, तो भगवा रंग दिसला की दूरच राहतो. म्हणून तर हा एवढ्या सावकाशीने उडतो. त्याला कोणाची भीतीच नसते."

गुरुजी क्षणभर थांबले. "माणसाच्या जाळ्याला मात्र चव कळत नाही," एवढेच ते म्हणाले.

मी मान खाली घातली. तेव्हा त्यांनी पेटी पुढे ओढली आणि एक भिंग माझ्या हाती दिले. "आता ही गेलीच आहेत, निदान ती नीट पाहा. मागच्या पंखाच्या मधल्या भागात किती काळे ठिपके आहेत ते मोज."

मी मोजू लागलो. काहींना चार होते, काहींना तीन. चारवाले नर, तीनवाल्या माद्या, असे गुरुजींनी सांगितले; नरांच्या चौथ्या ठिपक्याच्या जागी सुगंधाची एक बारीकशी पिशवी असते. दहा झाली, अकरा झाली. बाराव्याशी मी अडखळलो. त्याच्या मागच्या पंखावर एकच काळा ठिपका होता आणि तोही वरच्या कडेजवळ. मी पुन्हा पाहिले. रंग तोच, काळी किनार तीच, टोकाशी पांढरा पट्टाही होता.

गुरुजींचा चेहरा उजळला. त्यांनी ते जाड पुस्तक उघडले. "अरे, हा भगवा नव्हेच! ही निराळ्याच जातीची मादी आहे. हिच्या अंगात विष नाही. हिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. आपल्या जेवणातली घोळ, तीच. हिचा नर काळाभोर असतो आणि त्याच्या पंखांवर निळसर-जांभळ्या कडांचे पांढरे गोल असतात. नवराबायकोत काडीचे साम्य नाही! पण हिने रूप घेतले आहे भगव्याचे. पक्षी फसतात आणि हिला सोडून देतात."

मग त्यांनी मला बेट्स नावाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाची हकिकत सांगितली. १८४८ सालापासून अकरा वर्षे तो दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या अरण्यांत फुलपाखरे गोळा करीत हिंडला. गोळा केलेल्या नमुन्यांत त्याला अशाच जोड्या आढळल्या: एक बेचव आणि दुसरे तिचे सोंग घेतलेले. हे सोंग कसे निर्माण झाले असावे ह्याचा उलगडा त्याने १८६२ साली प्रसिद्ध केला. गुरुजींनी आणखीही एक गोष्ट सांगितली, तिचे मला फार नवल वाटले. इजिप्त देशात नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातील भिंतीवर, ख्रिस्तपूर्व १३५० च्या सुमारास काढलेले, शिकारीचे एक चित्र आहे. त्या चित्रात लव्हाळ्यांवर फुलपाखरे उडताना दाखवली आहेत आणि ती आमच्या ह्या भगव्याचीच आहेत. आज ते चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने भगवा नीट पाहिला होता. मी मात्र बारा पकडूनही एकही पाहिला नव्हता.

संग्रह करणे वाईटच असते असे मी म्हणणार नाही. बेट्सने नमुने जमवले नसते तर ते सोंग कोणाला उमगले असते? मुंबईच्या सोसायटीच्या कपाटांत जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून आजही अभ्यासक कितीतरी गोष्टी ताडून पाहतात. पण त्या प्रत्येक नमुन्याखाली चिठ्ठी असते. माझे वर्तुळ केवळ शोभेसाठी होते.

मी घरी परतलो तेव्हा उन्हे उतरली होती. आजी ओसरीवर मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ गुंफत बसली होती. दर शनिवारी अकरा पानांची माळ ती घरच्या घरी करी. पाने त्याच पडीक जागेतून आणलेली असत. ती एकदम म्हणाली, "अगबाई! ह्या पानावर हे काय?"

पानाच्या मागल्या बाजूस एक अळी होती. काळे, पांढरे आणि पिवळे असे पट्टे तिच्या अंगावर आखून काढल्यासारखे होते आणि पाठीवर मऊ काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या होत्या. एरवी मी ती अळी काडीने उडवून दिली असती. त्या दिवशी मी आजीचा हातच धरला.

"आजी, ते पान मला दे. आणि टाकलेली पानेही दे."

"किडके पान देवाला चालत नाहीच," आजी म्हणाली. "पण तुला कशाला हवे? चीक डोळ्यांत जाईल हो!" मी हात धुण्याचे कबूल केले तेव्हा कोठे तिने पान माझ्या हाती दिले.

मी अळीला काचेच्या रुंद बरणीत ठेवले, तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधले. होय, ते जाळ्याचेच कापड होते. मी ते कड्यावरून उसवून काढले होते. रोज सकाळी ताजे पान घालावे आणि बरणी पुसून काढावी, एवढेच काम. अळी रात्रंदिवस खाई. कान लावला तर तिचे कुरतडणे ऐकू येते असे मला वाटे. आई म्हणे, तो भास आहे. मंगळवारी ती अंगावरची कात टाकून आणखी मोठी झाली. शुक्रवारी तिने खाणे सोडले, बरणीच्या तोंडाशी चढून रेशमाची एक गादी विणली, मागचे पाय तिच्यात गुंतवले आणि ती उलटी लोंबकळू लागली. मी शाळेत गेलो. परत येतो तो तेथे अळी नव्हती! तिच्या जागी फिकट गुलाबी रंगाचा, मेणाच्या थेंबासारखा एक कोष टांगलेला होता आणि त्यावर सोन्याचे बारीक ठिपके चमकत होते. ऐन क्षणी मी वर्गात भूगोलाचा नकाशा भरीत होतो, ह्याची रुखरुख मला पुष्कळ दिवस राहिली.

नऊ दिवस काहीच घडले नाही. मी गुरुजींना दोनदा विचारले की, कोष मेला तर नसेल? ते म्हणाले, "वाट पाहणे हाही अभ्यासच आहे." दहाव्या दिवशी पहाटे कोष काळपट दिसला आणि त्याच्या पातळ भिंतीतून भगवा रंग दिसू लागला. त्या दिवशी पोट दुखत असल्याचे निमित्त करून मी शाळेत गेलो नाही. हे खोटे होते. आईला ते ठाऊक होते, असे मला वाटते.

साडेसातच्या सुमारास कोष उकलला. आतून जे बाहेर आले ते फुलपाखरासारखे दिसतही नव्हते. पोट फुगलेले आणि पंख ओल्या चुरगळलेल्या कागदासारखे. ते कोषाच्या रिकाम्या टरफलाला धरून लोंबकळत राहिले. हळूहळू पोटातील रस पंखांच्या शिरांत उतरू लागला आणि त्या चुण्या एकेक करून उलगडल्या. सोंडेच्या दोन वेगळ्या पन्हळी होत्या. त्या त्याने वारंवार गुंडाळून आणि सोडून एकमेकींत बसवल्या आणि त्यांची एक नळी केली. अण्णा कचेरीत जायला निघाले होते, तेही चपला घालून तसेच उभे राहिले. आजी जपमाळ हातात घेऊन आली. कोणी बोलत नव्हते.

मागच्या पंखाच्या मध्यावर तीन ठिपके होते. मादी होती.

तिचे पंख वाळायला दोन तास लागले. दहा वाजता मी बरणीचे कापड काढले आणि बरणी रुईच्या झुडपापाशी नेऊन आडवी धरली. ती काठावर आली, तिने उन्हात पंख दोनतीनदा उघडले-मिटले आणि मग त्याच सावकाश चालीने ती निघून गेली. मी मागे धावलो नाही.

प्रदर्शनात मी पेटी ठेवली नाही. एका पुठ्ठ्यावर तीन फुलपाखरे लावली: नर, मादी आणि ती सोंगाडी. प्रत्येकीखाली चिठ्ठी होती. बक्षीस दुसऱ्याच मुलाला मिळाले. त्याने काड्यापेट्यांचा राजवाडा केला होता. पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या विरून गेल्या आणि लाल मुंग्यांनी पेटीतील बाकीची फुलपाखरे नेली. भेंडावर उभ्या टाचण्या तेवढ्या उरल्या.

आता काळ पुष्कळ बदलला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कित्येक फुलपाखरांना अभय दिले आहे. त्यामुळे हाती जाळे घेऊन माळावर जाणे आज मुलांना योग्य नव्हे. २०१५ साली महाराष्ट्राने नीलवंत ह्या काळ्या-निळ्या, मोठ्या फुलपाखराला राज्याचे फुलपाखरू ठरवले. असे मानाचे फुलपाखरू निवडणारे हे देशातील पहिलेच राज्य होय. माझा नातू भ्रमणध्वनीने फुलपाखरांची छायाचित्रे घेतो आणि प्रत्येकाखाली जागा व तारीख लिहितो. आमच्या पंचवटीतील ती पडीक जागा मात्र आता राहिली नाही. तेथे इमारती उभ्या आहेत. रुई पाहायची तर आम्हां दोघांना पांडवलेण्यांच्या पायथ्यापर्यंत जावे लागते. गेल्या चैत्रात तेथे एका झुडपावर आम्हांला दोन अळ्या आणि शिरांच्या बारीक रेघा असलेले एक पांढुरके अंडे दिसले. नातवाने छायाचित्र घेतले. मी नुसता पाहत राहिलो.

आजीचे सांगायचे राहिले. त्या वसंतानंतर ती रुईचे पान तोडण्याआधी ते हलकेच उलटे करून पाही. ज्या पानावर अंडे किंवा अळी असेल, ते ती सोडून देई आणि पुढच्या झुडपाकडे जाई. कधी कधी पुरेशी पाने मिळत नसत. एका शनिवारी मारुतीच्या गळ्यात नऊच पानांची माळ दिसली, तेव्हा पुजाऱ्यांनी विचारले, "आजीबाई, आज दोन पाने कमी कशी?"

"त्यावर बिऱ्हाडे आहेत," आजी म्हणाली आणि प्रदक्षिणेला लागली.